एक मात्रा जास्त

निघोज्यातल्या एका घराच्या मागच्या भिंतीला कढीपत्त्याच्या कुंड्या ओळीनं मांडल्या आहेत. सगळ्या एकाच दिवशी आणलेल्या. खिडकीखालचं रोप तेवढं माणसाच्या छातीला लागतं. बाकीची गुडघ्याच्या वर गेलेली नाहीत.

*

"देताय ना?"

"देतोय की."

"दोन चमचे?"

"दोन."

"तिला कळू देऊ नका."

"न्हाई. कुनालाच न्हाई."

*

मोबाइलवरचं स्टेटस, मागं पळत्या बैलाचा फोटो: ज्या कोणी भावानं आपल्या टर्बोच्या खुराकाला हात लावलाय, त्यानं स्वतःहून सांगावं. नाव कळल्यावर राग येणार नाही. पण नाव कळलं पाहिजे.

*

सोमवारी सुकटीचा वास. ज्या घरात सोमवारी अंडंसुद्धा फुटत नाही, त्या घरात.

*

पलंगाखाली मांजर. त्याचं तोंड स्टीलच्या पेल्यात. पेला घरंगळतो, मांजर त्याच्यामागं जातं, पेला पुन्हा घरंगळतो.

*

लॅबचा कागद. लघवीतलं आयोडीन. मागच्या वेळी जास्त होतं. या वेळी त्याहून जास्त.

*

दाराशी जांभळी बॅग. चेन अर्धी लावलेली.

काय बदललं?

बॅग सृष्टीची. ती गोरक्षची बायको, गवराबाई आणि बन्सीनानांची सून.

"आमू, रविवारी बाबा मला न्यायला येतायत," ती फोनवर म्हणाली.

आम्रपाली तेव्हा चाकणच्या कंपनीत, क्वालिटीच्या टेबलाशी, हातात एक ब्रॅकेट घेऊन उभी होती. ती आणि सृष्टी ताथवड्याच्या कॉलेजात एका बाकावर बसून पास झालेल्या.

"कशाला न्यायला?"

"सासूला विष घालते म्हणून."

आम्रपालीनं ब्रॅकेट लाल पेटीत टाकलं. लाल पेटी म्हणजे रिजेक्ट. मग ते चांगलं होतं हे आठवून परत काढलं.

गोष्ट अशी होती. सृष्टी घरबसल्या एक धंदा करायची, केल्पचा. केल्प म्हणजे थंड समुद्रात वाढणारं लांबलचक शेवाळ. ते तीन रूपांत तिच्या हॉलमध्ये येऊन पडायचं. माणसांसाठी पांढऱ्या बाटलीत गोळ्या, झाडांसाठी हिरव्या कॅनमध्ये अर्क, जनावरांसाठी निळ्या डब्यात पावडर. गोरक्ष मित्रांना सांगायचा, आमच्याकडं समुद्र होलसेलमध्ये मिळतो.

गवराबाईंच्या गळ्याला जुन्या गाठी होत्या. कधी दुखल्या नाहीत म्हणून कधी दाखवल्या नाहीत. दिवाळीनंतर त्यांचे केस गळायला लागले, तेव्हा सृष्टीनं सगळ्यांसमोर त्यांना पांढरी बाटली दिली. थोड्याच दिवसांत त्यांची छाती धडधडू लागली, हात कापू लागले. चाकणच्या डॉक्टर विजयश्रींनी गळा चाचपला, बाटली वाचली आणि म्हणाल्या, "अशा गाठींना जास्तीचं आयोडीन चालत नाही. थायरॉइड भडकतं. हे आजपासून बंद."

बंद झालं. सृष्टी दवाखान्यातच रडली. तिची समजूत गवराबाईंनीच काढली.

आणि आता हा दुसरा रिपोर्ट. उतरायचं सोडून चढलेला.

"कुणीतरी अजून देतंय," डॉक्टर म्हणाल्या. "हे थांबलं नाही तर यांचं हृदय किती साथ देईल, मी सांगू शकत नाही."

तेव्हा खोलीत सगळे होते. भोसरीला दिलेली लेक पूनमही आली होती. तिनं सृष्टीकडं पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. गोरक्षनंसुद्धा.

"गोरक्षनंसुद्धा?" आम्रपालीनं विचारलं.

"बॅग त्याच्यामुळंच भरली," सृष्टी म्हणाली. "पूनमताई काय, बोलतात आणि विसरतात."

गुरुवारी कंपनीला सुट्टी. आम्रपालीनं दिघीहून स्कूटर काढली.

माणूस

"तू तिची मैत्रीण," पूनम म्हणाली. "तू काय शोधणार? तिच्या बाजूचंच."

ती मागच्या दारात भाजी निवडत होती. मेथीची जुडी तिनं अशी धरली होती, जशी कुणाची तरी मान.

"मी फक्त चूक कुठं झाली ते शोधते," आम्रपाली म्हणाली. "ताई, आमच्याकडं चांगला चाललेला माल एकदम खराब यायला लागला की आम्ही ओरडत नाही. विचारतो, काय बदललं? माणूस, मशीन, माल की पद्धत? या चारांतलं काहीतरी बदललेलं असतंच."

"माणूस बदलला. सून आली."

"ती कधीचीच आली. आजार आत्ताचा आहे."

"मग तिचा धंदा वाढला, असं म्हण. माझी आई तिची जाहिरात आहे. सासू ठणठणीत झाली की गावभर बाटल्या खपतील." पूनमनं एक काडी मोडली. "सोमवारी मी न सांगता आले. आईच्या खोलीत सुकटीचा वास. सोमवारी. मी विचारलं, सृष्टी, काय भाजलंस? तर म्हणे, काहीच नाही. जी बाई वासाबद्दल खोटं बोलते, ती गोळीबद्दल खरं बोलेल?"

"भांडी पाहिलीत?"

"लख्ख घासलेली. म्हणजे बघ."

आम्रपालीला हे तर्कशास्त्र आवडलं. लख्ख भांडी हा पुरावा तिनं याआधी ऐकला नव्हता.

"आईंना बाहेरचं काही औषध?"

"डॉक्टरांच्या गोळ्या. बाकी घरचंच खाणंपिणं. ते काय द्यायचं, मी फोनवरून नानांना सांगत असते. नाना बिचारे सांगेन ते करतात." पूनमचा आवाज खाली आला. "हातात बांगडी राहीना आईच्या. काल मी दोरा गुंडाळून बसवली. मला माझी आई पाहिजे गं. बाकी मला कुणाशी भांडायची हौस नाही."

मशीन

(गोठ्यात. गोरक्ष बैल धूत होता. इथं फक्त त्याची उत्तरं आहेत. प्रश्न पाण्याच्या आवाजात गेले.)

"या क्यूसी मॅडम. लांबच उभ्या राहा, टर्बोला नवीन माणूस चालत नाही."

"मशीन नका म्हणू त्याला. ऐकतो तो."

"केल्प ना, मीच घालतो. निळ्या डब्यातलं. पेंडीत कालवून. कातडी बघा, भांग पाडून घ्या समोर उभं राहून."

"तेच तर दुखणं आहे. यात्रेपर्यंत पुरायला पाहिजे होतं. आत्ताच तळ दिसायला लागला. मी वाढवून घालत नाही. सृष्टीनंच सांगितलंय, जनावराला पण जास्त झालं की बाधतं."

"बैलगाडा शर्यतीच्या घाटातलाच कोणीतरी असणार. स्टेटस टाकलं तर पोरांनी हसायची तोंडं पाठवली."

"फळीवर असतो डबा, तिथं. गोठ्याला कुठं कुलूप असतं का, ताई?"

"सेकंड शिफ्ट चालू आहे. आज सुट्टी, एरवी संध्याकाळी मी नसतोच. सृष्टी ऑर्डरी पोचवायला मोई गावाकडं जाते. नाना असतात."

"माणसाच्या गोळ्या? त्या मी उचलून कंपनीच्या लॉकरमध्ये टाकल्या, डॉक्टरनं सांगितलं त्याच दिवशी. चावी ही काय, करदोट्याला."

"हो. पाहिलं मी तिच्याकडं."

(ब्रश बैलाच्या पाठीवर फिरत राहिला. धुऊन झालेल्या जागेवरच.)

"विश्वास नाही असं नव्हतं. नजर गेली. गेलेली नजर परत कशी घेतात ते मला माहीत नाही. तुमच्या कंपनीत आहे का त्याला काही?"

माल

हॉलमधला समुद्र सृष्टीनं चादरीखाली झाकून ठेवला होता. आम्रपालीनं चादर काढली.

"पांढऱ्या बाटल्या?"

"एकही नाही. त्यानं नेल्या."

"हिरवे कॅन?"

"बघ की."

सगळ्यांची सीलं शाबूत होती. कंपनीचं लेबल इंग्रजीत, म्हणून सृष्टीनं प्रत्येक कॅनवर जाड मार्करनं मराठीत नाव घातलं होतं. अक्षर शाळेतल्या फळ्यासारखं.

"मग मागच्या कढीपत्त्याला काय घालतेस?"

"पाणी. का?"

"एकच रोप वाढलंय म्हणून विचारलं."

सृष्टीनं खिडकीपाशी जाऊन बाहेर पाहिलं. आपल्याच घरामागं काय वाढलंय हे तिला माहीत नव्हतं. या दिवसांत तिनं मान वर करून फार काही पाहिलंच नव्हतं.

"आमू, तुला पण वाटतंय का मी दिलं असेल?"

"मला अजून काहीच वाटत नाही. वाटलं की माणूस तपासायचं थांबतो. निळा डबा दाखव."

तो गोठ्यातच होता. दोघी तिकडं गेल्या. गोरक्ष बैल घेऊन रस्त्याला लागला होता. डब्यावरही सृष्टीचंच अक्षर, तेच नाव. आम्रपालीनं झाकण उघडलं. आत हिरवट, तपकिरी पूड. ती वाकली आणि तशीच थांबली.

"सृष्टे, याचा वास घे."

"मला सवय झालीय, मला आता येतच नाही."

"भोसरीहून आलेल्या बाईला येतो. तिला तो सुकटीसारखा वाटतो."

सोमवारी या घरात कुणी सुकट भाजली नव्हती. सोमवारी बैलाचा खुराक गोठ्यातून निघून गवराबाईंच्या खोलीत गेला होता.

पद्धत

"बस बाय. चा टाकायला सांगू?"

गवराबाई पलंगावर उशीला टेकून होत्या. डोळे मोठे झालेले, मनगटात दोरा गुंडाळलेली बांगडी. हात मांडीवर ठेवला तरी बोटं आपली आपण हलत होती. त्या दुसऱ्या हातानं ती झाकत होत्या.

"चहा झाला, आई. एक विचारू? तुम्हाला कोण काय काय देतं खायला?"

"कोन काय देनार? भाकरी, भाजी, वरन. डागतरच्या गोळ्या. सूनबाई काय बी देत न्हाई बग. पूनमला म्या तेच सांगितलं. तिला वाटतंय, म्या सुनंला पाठीशी घालते."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी काय? दिवा लावायचा."

"त्याच्यानंतर?"

गवराबाईंनी पदर सारखा केला. तो सारखाच होता. मग खिडकीबाहेर पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, मग मांजराला हाड म्हणाल्या. मांजर झोपलेलं होतं.

आम्रपाली रोज शंभर लोकांशी बोलायची. चूक लपवणारा माणूस कसा दिसतो, तिला ठाऊक होतं. तो आधी बोट दाखवतो. गवराबाईंनी बोट कुणाकडंच दाखवलं नाही. त्या वेगळंच काहीतरी लपवत होत्या आणि ते ओळखायला आम्रपालीला जरा वेळ लागला, कारण कंपनीत ते दिसत नाही.

सत्तरीची बाई लाजली होती.

जे जुळलं ते

आम्रपालीनं ते अंगणात, पूनम आणि सृष्टीला समोर बसवून सांगितलं. दोघी एका बाजेच्या दोन टोकांना.

"गोळ्या कुलपात आहेत. झाडांच्या कॅनला हात लागलेला नाही. संपतोय तो फक्त बैलाचा डबा आणि बैल तर मापातच खातोय. म्हणजे पावडर दुसरीकडं जाते."

"चोरानं नेली असेल," पूनम म्हणाली.

"ती आईंच्या खोलीत जाते. तुम्हाला वास आलाच की. पेल्यातून जाते. पेला मांजर चाटतं, त्याला तो मासळीचा वाटतो. पूड पूर्ण विरघळत नाही, तळाला बसते. तो गाळ आई खिडकीतून खाली टाकतात. खाली कुंडी आहे. माती हुंगून बघा. त्या रोपाला या घरात सगळ्यात चांगला खुराक मिळालाय, टर्बो सोडून."

सृष्टीनं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे आईंना माहीत आहे?"

"पेला येतो हे माहीत आहे. आणणारा कोण, ते त्या सांगत नाहीत."

"मी सांगते," पूनम म्हणाली. "हीच."

"ही संध्याकाळी मोईला असते. गोरक्षभाऊ कंपनीत. तुम्ही भोसरीला." आम्रपालीनं आवाज खाली आणला. "संध्याकाळी घरात एकच माणूस असतो, ताई."

पूनमला कळायला एक क्षण लागला. मग ती उठून उभी राहिली.

"तोंड सांभाळून बोल. माझे वडील आहेत ते. आयुष्यात कुणाला टोचून बोलले नाहीत, बायकोला विष घालतील?"

"विष घालतात असं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हणालीस?"

"ते मलाही माहीत नाही," आम्रपाली म्हणाली. "बघू या. तुम्ही मोठ्यानं म्हणा, आम्ही तिघी बाजारात जाऊन येतो."

खिडकी

गाडी गल्लीच्या टोकाला लावून तिघी मागच्या बाजूनं परत आल्या. गोरक्ष बैल बांधून त्यांच्यामागं आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. सृष्टी भिंतीला लागून उभी होती, तिच्या शेजारी जागा होती, तिथं तो उभा राहिला.

आत दिवा लागला होता. बन्सीनाना स्वयंपाकघरातून आले. हळू, कारण हातात पेला होता आणि तो काठोकाठ होता. धोतराच्या सोग्यानं धरलेला. ते पलंगाशी थांबले, चमच्यानं ढवळलं, फुंकर मारली, पुन्हा ढवळलं.

"घे."

गवराबाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला. हात कापत होते म्हणून नानांनी खालून आपला हात लावला. तसाच ठेवला. त्या प्यायला लागल्या आणि नाना समोर उभे राहून त्यांच्या घशाकडं पाहत राहिले, घोट खाली उतरतो की नाही ते.

खिडकीबाहेर कुणीच हललं नाही. आपण पाहू नये ते पाहतोय, असं चौघांनाही वाटलं.

मग पूनम धावत दारातून आत गेली आणि तिनं पेला ओढला. दूध नानांच्या धोतरावर सांडलं.

"काय घालताय तिला, नाना?"

नाना चोरी पकडल्यासारखे उभे. मागून सून आली, मुलगा आला, परकी मुलगी आली. त्यांनी चमचा पाठीमागं लपवला.

"तूच सांगितलंस की," ते म्हणाले. "कल्प."

मात्रा

"मी शतावरी कल्प सांगितला होता." पूनम म्हणाली. "दुधातून. दोन चमचे. अशक्तपणा आलाय म्हणून. तो बायकांना देतात, नाना. तो वेगळा असतो."

"शतावरी कुटं म्हनालीस? कल्प म्हनालीस फोनवर. म्या म्हनलं, घरात हाय, डबा भरून हाय. तू म्हनलीस, मग बरंच झालं, सृष्टीला कळू देऊ नका, न्हाईतर ती तिचंच कायतरी काढंल."

पूनमनं सृष्टीकडं पाहिलं नाही. तिला ते जमलं नाही.

आम्रपालीनं निळा डबा आणला आणि नानांसमोर धरला. "नाना, यावर काय लिहिलंय?"

नानांनी डबा लांब धरला, अजून लांब धरला. "कल्प."

"नीट वाचा."

"नीटच वाचतोय. क-ल-प. वर सूनबाईनं एक मात्रा जास्त दिलीय. म्या पयल्याच दिशी बगितलं. म्हनलं, शिकलेली पोर, पन शुद्धलेखन कच्चं. तिला कशाला बोलायचं. मात्रेचं काय, औषध खरं असलं म्हंजी झालं."

"ती मात्रा मुद्दाम आहे, नाना. केल्प. समुद्रातलं शेवाळ. ज्याच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, तेच हे. पूड केलेलं."

"पण डबा गोठ्यात होता की," गोरक्ष म्हणाला. "मी रोज बैलाला घालतो, तुमच्यासमोर."

"व्हय. मला त्याचाच राग आला हुता." नाना पहिल्यांदाच मुलाकडं सरळ पाहत होते. "आयसाठी आनलेला कल्प हा बैलाला चारतो. बैलाला दूध घालतोस, अंडी घालतोस, आयच्या तोंडचा कल्प बी घालतोस. म्हनलं, जाऊ दे, जीव हाय त्याचा बैलावर. म्हनून गुपचूप काढून घेत गेलो."

घाटातल्या सगळ्या पोरांवर गोरक्षनं संशय घेतला होता.

नाना पलंगाच्या कडेला बसले. हातातला चमचा त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला. "म्हंजी," ते म्हणाले, "म्याच. म्याच मारत हुतो व्हय तिला?"

उत्तर गवराबाईंनी दिलं.

"येडं हाय का? मेले का म्या?"

"तुला चव न्हाई कळली?"

"कळली की. खारट. सुक्या बोंबलाचं पानी प्याल्यागत. पयल्या दिशी वकारी आली हुती."

"मग बोलायचं न्हाईस?" नाना म्हणाले. "थुकून टाकायचं न्हाईस?"

गवराबाईंनी कापणारा हात आता झाकला नाही. "सौंसार केला इतकी वरसं. रानातून आलात की पानी म्या दिलं, ताट म्या दिलं, दुखलंखुपलं तर काढा बी म्या दिला. तुमी माज्या हातात काय देत न्हवता. तुमची चूक न्हाई, रीतच न्हवती. आन् एक दिशी पेला घिऊन उबे. सरंस्तवर उबे." त्या थांबल्या. मुलं समोर होती. पण आता निम्मं सांगून झालं होतं. "म्या बोलले असते तर बंद पडलं असतं."

पूनम भिंतीला टेकून खाली बसली.

"तुमी तरी का लपवलंत?" गवराबाईंनी विचारलं.

"पोरं हसत्यात," नाना म्हणाले. "म्हातारा बायकूला दूध करून देतो म्हनून."

कुणी हसलं नाही. मग सृष्टीला हसू आलं, एकदम, आवरता न येण्यासारखं, आणि हसता हसता ती रडायला लागली, आणि गोरक्ष तिच्याकडं पाहायला लागला.

"काय बघतोस?" ती नाक पुसत म्हणाली.

"बघतोय."

"मागच्या वेळी पण बघितलं होतंस."

"हो," तो म्हणाला. "म्हणून आता बघतोय." तो अजून काही बोलला असता, पण सगळ्यांसमोर त्याला तेवढंच आलं. सृष्टी लगेच विरघळली नाही. तिनं त्याला तसंच उभं राहू दिलं.

पूनम जमिनीवरूनच म्हणाली, "सृष्टी, शब्द माझा होता. मी फोनवर नीट बोलले असते तर..."

"ताई, उठा आधी. फरशी गार आहे."

"मी तुला काय काय बोलले."

"ते उद्या बोलू. उद्या मी पण बोलणार आहे, ऐकून घ्यायचं." सृष्टीनं तिला हात दिला. मग फोन घेऊन ती अंगणात गेली. आतल्यांना तिचं एवढंच ऐकू आलं: "बाबा, रविवारी या. न्यायला नाही हो, जेवायला. आईला पण आणा."

नंतर

डॉक्टर विजयश्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "उतरायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "पण कारण सापडलंय, तेव्हा उतरेल." पुढचा रिपोर्ट खाली आला, त्याच्या पुढचा आणखी खाली. बांगडीचा दोरा निघाला. सृष्टीनं धंदा बंद केला नाही, पण आता ती बाटली हातात देण्याआधी गिऱ्हाइकाच्या गळ्याला गाठ आहे का, थायरॉइडची गोळी चालू आहे का, ते विचारते. दोनचार गिऱ्हाइकं त्यामुळं तुटली.

त्या संध्याकाळी निघताना आम्रपालीला नानांनी विचारलं होतं, "पोरी, मग आता पेल्यात घालू काय?"

"काहीच नको. नुसतं दूध. साखर घाला हवं तर."

"नुसत्या दुदानं काय व्हतंय?"

"नाना, तुम्ही उभे राहताय तेवढं पुष्कळ आहे."

आता ते लपून होत नाही. दिवा लागला की नाना गॅसशी उभे असतात. गोरक्ष घरी असला तर ओरडतो, "नाना, इकडं पण एक," आणि नाना म्हणतात, "बैलाला इचार." पेला भरतो, नाना फुंकर मारतात, समोर उभे राहतात. गवराबाई तो तळापर्यंत पितात, एक थेंबही मागं ठेवत नाहीत.

गवराबाईंना दूध लहानपणापासून आवडत नाही.